कळलावी

बाईंना कुणी 'लेडी डॉक्टर' म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, "मग तुमचं पोट लेडीज कात्रीनं उघडायचं का जेन्ट्स?"

त्या काळी कोल्हापुरात बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, एवढंच लोकांना ठाऊक होतं. बाई बाळंतपणं करत नसत. त्या सर्जन होत्या. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताचे खडे, आतड्याला पडलेला पीळ, बैलानं शिंग खुपसलेली पोटं. शाहूपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. पेशंटला स्ट्रेचरवर घातल्यावर नातेवाईक त्यांनाच विचारत, "बाई, सर्जन कवा येनार?"

"आलाय," त्या सांगत. "हात धुतोय." आणि हात धुवायला जात.

त्यांच्या डाव्या हाताला चैन नसे. समोर दोरा, नाडी, पडद्याची झालर, काहीही आलं की बोलता बोलता त्या एका हातानं गाठी मारत बसत. टाक्यांच्या गाठी त्या, साध्या माणसाला सुटायच्या नाहीत. आजारी माणसाला तपासून होईपर्यंत त्याच्या बायकोच्या पिशवीचे बंद गाठींनी भरून गेलेले असत. "बाई, आधी माझी पिशवी सोडा, मग ह्यास्नी बघा," असं एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली होती. हॉस्पिटलातली मावशी दर शनिवारी कात्री घेऊन पडद्यांच्या गाठी कापत फिरायची.

त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. ऑपरेशन सुरळीत चाललं असलं की मराठी बोलत आणि अडलं की कानडी. बाहेर बाकावर मुक्काम ठोकलेल्या जुन्या नातेवाइकांना हे माहीत झालं होतं. थिएटरचं दार किलकिलं झालं की ते कान लावत आणि नव्यांना धीर देत, "मराठी हाय, मराठी हाय. च्या प्या निवांत."

'सोपं ऑपरेशन' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "सोपं ऑपरेशन म्हणजे दुसऱ्याच्या पोटावरचं," असं त्या म्हणत. शहरातले इतर काही डॉक्टर त्यांना पाठीमागं 'कळलावी' म्हणायचे. कुणाच्या हॉस्पिटलात काही चुकलं आणि बाईंचं मत घेतलं, तर त्या लेखी देत आणि मऊ शब्दांत देत नसत. मग भांडणं लागत. बाईंना ते नाव ठाऊक होतं. त्यांना ते आवडायचं, असा मला संशय आहे.

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर आमचं घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. पाणी, मजुरी, अंधश्रद्धा, फीवाढ, कशाचंही पत्रक आमच्याकडं छापलं जाई, बहुतेक वेळा उधार. मी अक्षरं शिकले ती ओल्या प्रुफांवर. दहाव्या वर्षी मला 'धिक्कार' शुद्ध लिहिता येत होतं. 'कृतज्ञता' लिहिता यायला पुष्कळ वर्षं लागली. आज तेच करायला बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी एका दवाखान्यात तिच्याकडून इंग्रजी कागदावर अंगठा घेतलेला मी पाहिला आणि घरी येऊन रागानं पत्रक लिहिलं. 'रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत संमती घेणं ही फसवणूक आहे!' वडिलांनी ते छापून दिलं आणि मी ते शहरातल्या दवाखान्यांत वाटत फिरले. बहुतेक ठिकाणी काउंटरवरच्या माणसानं ते घेऊन त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. बाईंनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं.

"कोण लिहिलंय हे?"

"समितीनं," मी ठोकून दिलं.

"समितीला हात किती?"

मी शाईनं माखलेली बोटं पाठीमागं नेली.

"म्हणजे तूच. बरं. तीन ठिकाणी उद्गारचिन्ह आहे. ओरडायचं असलं तर खिडकीत उभी राहा, कागदावर कशाला? मुद्दा बरोबर आहे. माझंही संमतीपत्र इंग्रजीत आहे. उद्या मराठी करून आण."

मी भांडायला गेले होते आणि काम घेऊन परतले.

दुसऱ्या दिवशी मी मराठी संमतीपत्र नेलं. त्यात 'शस्त्रक्रियेदरम्यान वा तदनंतर उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतींची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे' असं वाक्य होतं. मला ते फार भारदस्त वाटत होतं. बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. कागल एमआयडीसीतला एक कामगार बायकोच्या पित्ताच्या खड्यांसाठी आला होता, त्याच्या हातात दिलं.

"वाच. आता उलट सांग."

हे 'उलट सांगणं' ही बाईंच्या हॉस्पिटलची रीत होती. काहीही समजावलं की ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. गोळ्या कशा घ्यायच्या ते उलट सांग. टाके भिजवायचे नाहीत, उलट सांग. नुसती मान हलवणाऱ्याला त्या सोडत नसत. "मान बैलसुद्धा हलवतो," म्हणायच्या.

त्या कामगारानं माझा कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजे मेली तर बोंबलायचं न्हाय."

बाई माझ्याकडं वळल्या. "तुझ्यापेक्षा याचं मराठी बरं आहे."

त्या संमतीपत्राचे मी नऊ खर्डे केले. प्रत्येक खर्डा कुणीतरी उलट सांगे आणि प्रत्येक वेळी माझी लाज निघे. नवव्यात फक्त साधी वाक्यं उरली. 'ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी मला सांगितलं. मी ते त्यांना उलट सांगितलं. काही चुकलं तर विचारायचा मला हक्क आहे.' बाईंनी त्यावर मोहर उठवली आणि मला एक जुनं फाउंटन पेन दिलं, जे गळायचं. ते त्यांना कुणा पेशंटनं दिलं होतं आणि त्यांना टाकवत नव्हतं, असं मावशीनं मला नंतर सांगितलं.

मी लिहायला कुठं शिकले असं कुणी विचारलं तर मी छापखान्याचं नाव सांगते. ते अर्धं खरं आहे.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी औषधी वनस्पतींच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. कॉलेजच्या मुलींनी जलरंगात काढलेली चाळीस चित्रं होती. अडुळसा, गुळवेल, शतावरी, निर्गुडी. दसरा चौकाजवळचं एक दालन भाड्यानं घेतलं होतं. शेजारच्या सभागृहात त्याच दिवशी चार वाजता बाईंचं भाषण होतं. निमंत्रणपत्रिकेवर विषय होता 'माझी यशोगाथा'.

पत्रिका बघून बाई म्हणाल्या होत्या, "गाथा संतांची असते. आमचे केसपेपर असतात." तरी यायचं कबूल केलं होतं, कारण मुली ऐकणार होत्या.

चित्रांखालच्या पाट्या लिहायचं काम मॅडमनी माझ्याकडं दिलं. त्यांनी प्रत्येक झाडाची माहिती टिपून दिली होती. मी ती सोप्या, जोरकस मराठीत लिहायची होती. शिवाय सगळ्यात देखण्या चित्राचं, कळलावीचं, एक पत्रक छापून वाटायचं होतं. पिवळ्या कागदावर. कळलावीचा वेल तुम्ही पाहिला असेल. श्रावणात कुंपणावर चढलेला असतो, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. प्रुफं मॅडमना दाखवायला हवी होती. मी त्यांना म्हणाले, "मॅडम, मी छापखान्यात वाढलोय, तुम्ही निवांत राहा." आमच्याकडं मुलीही आलो-गेलोच म्हणतात, आणि तितक्याच ठसक्यानं.

मॅडमच्या टिपणात होतं: 'कळा लावणारी म्हणून कळलावी. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला मुळी उगाळून लावत. कंद अत्यंत विषारी. पोटात गेल्यास मृत्यू संभवतो.'

मी काय केलं ते सांगते. 'कळलावी', 'कळा लावणारी' आणि पुन्हा 'लावत'. तीन ओळींत तीनदा तेच. प्रुफं वाचून तयार झालेल्या माझ्या कानाला ती पुनरुक्ती खटकली. मी 'लावत' काढलं आणि 'देत' घातलं. 'तळपायाला' हा शब्द त्याबरोबर आपोआप गळाला. विषाचं वाक्य मी पूर्ण कापलं. मला वाटलं, गरिबांच्या औषधांना विषारी म्हणून भिववायची ही शिकलेल्यांची नेहमीचीच चाल आहे. पाटीवर लिहिलं आणि पत्रकावर छापलं ते असं: 'कळलावी. शतकानुशतकं आपल्या सुइणी अडलेल्या बाळंतिणीला हिची मुळी उगाळून देत. हे ज्ञान पुस्तकातलं नाही, आपल्या आयाबायांचं आहे. ते परत मिळवा!'

खाली नाव नव्हतं. पत्रकाखाली नाव घालायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

बाई साडेतीनलाच आल्या, बरोबर मावशीला घेऊन. मावशी तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचणारी. बाईंनी तिलाही 'प्रमुख पाहुण्यांसोबत' म्हणून गुलाबाचं फूल घ्यायला लावलं. कळलावीच्या चित्रापुढं येऊन बाई थांबल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "मावशी, ही बघ मी."

"तुमच्यापेक्षा देखणी हाय," मावशी म्हणाली.

"वाच काय लिहिलंय माझ्याबद्दल."

मावशीनं पाटीवर बोट ठेवून वाचलं. मी मागं उभी होते, शाबासकीच्या तयारीत.

"उलट सांग."

"बाळंतीन अडली," मावशी म्हणाली, "की ह्येची मुळी उगाळायची आन तिला पाजायची."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या माझ्याकडं वळल्या. "पाजायची?"

मी म्हणाले, "बाई, हे लोकांचं ज्ञान आहे. डॉक्टरांनी ते कायम..."

"पाजायची का?"

"देत असत, असं..."

"ही मुळी पोटात गेलेली पोरगी मी पाहिली आहे," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "आधी उलट्या-जुलाब. मग लघवी बंद. वाचलीच तर केस उशीला राहतात. ती वाचली नाही. हे कुठं कुठं गेलंय?"

तेव्हा मला पत्रकं आठवली. आणि लगेच सकाळ आठवली.

सकाळी गगनबावड्याकडची एक बाई आली होती. ती पावसाळ्यात रानभाज्या विकायला शहरात यायची. मॅडमनी सांगितल्यावरून तिनं कळलावीचा फुलांसकट खरा वेल चित्राशेजारी मांडायला आणून दिला होता. तिला वाचता येत नव्हतं. मी मोठ्या कौतुकानं तिला पत्रक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोटात द्यायची व्हय?" आणि मी, जिला या झाडाची तीन ओळींपलीकडं काही माहिती नव्हती, म्हणाले, "व्हय की. छापलंय ना इथं."

मग ती म्हणाली होती, "माजी सून दिवसांत हाय. म्हैना भरलाय." तिनं दोन पत्रकं मागून घेतली आणि घडी करून कनवटीला खोचली.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "गाडी कितीची?"

"सव्वाचारची म्हणत होती. रंकाळा स्टँडवरनं."

चार वाजायला आले होते. सभागृहात मुली बसल्या होत्या, प्राचार्यबाई हार घेऊन उभ्या होत्या. बाई सरळ व्यासपीठावर गेल्या आणि माइक हातात घेतला. "मला गावात एक काम आहे, येते. भाषण त्यानंतर. ज्यांच्याकडं पिवळा कागद आहे त्यांनी तो दारात मावशीकडं द्यायचा. त्यात जे लिहिलंय ते चूक आहे, तसं केलं तर माणूस मरतं. मावशी, एक कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही."

प्राचार्यबाई म्हणाल्या, "अहो पण, पाहुणे आलेत..."

"पाहुणी मीच आहे," बाई म्हणाल्या.

रिक्षात त्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही. त्यांचा डावा हात मात्र रिक्षाच्या पडद्याच्या दोरीला गाठीवर गाठ मारत होता. मधेच म्हणाल्या, "तिला काय सांगणार आहेस?"

"मजकुरात चूक झाली आहे, असं."

"झाली? कशी काय? पावसासारखी वरनं पडली?"

"माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं."

"गेलं. तेही आपल्या पायानं गेलं." मग म्हणाल्या, "पुस्तकी मराठीत माणूस वाक्याच्या मागं लपतो. तू कोल्हापूरची ना? कोल्हापुरीत सांग."

स्टँडवर गगनबावड्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर दार ओढायच्या बेतात होता. बाई पायरीवर चढून उभ्या राहिल्या. "पाच मिनिटं थांबा."

"बाई, टायमाची गाडी हाय."

त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुझ्या अपेंडिक्सच्या वेळी मी टाइम बघितलोतो का?"

"माजं न्हवं वो बाई. थोरल्याचं केलतं तुमी."

"मग थोरल्याच्या नावानं थांब."

गाडी हसली. कंडक्टर पण हसला आणि दार सोडून उभा राहिला.

ती मागून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली होती, रिकाम्या पाट्या पायाशी. मला बघून तिला आनंद झाला. "काय गं, माजं काय ऱ्हायलं व्हय तितं?"

मी म्हणाले, "आक्का, ते सकाळचे कागद परत द्या."

"का?"

सगळी गाडी ऐकत होती. बाई माझ्यामागं उभ्या होत्या आणि गप्प होत्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. त्या बोलल्या नाहीत.

"त्यात मी चुकीचं लिहिलो," मी म्हणाले. "मुळी पोटात द्यायची नाही. ती विषारी आहे. मला माहीत नव्हतं, तरी मी व्हय म्हणालो."

तिनं कनवटीवर हात ठेवला, कागद काढले नाहीत. "तू लिव्हलंयस? एवडीशी तू? आन त्ये तर छापल्यालं हाय की."

"छापलंय पण चुकलंय."

"आमची सासू तळव्याला लावायची," ती हळूहळू म्हणाली. "पोटात कवा दिली न्हाय. मला सकाळी वाटलं, सासू अडानी हुती, तिला कुटलं म्हाईत. शिकल्याली मान्सं छापून सांगत्यात म्हंजे पोटातच द्यायची आसंल."

मी बरीच पत्रकं लिहिली होती. लोकांचं ज्ञान लोकांना परत द्या, असं मीच किती वेळा छापलं होतं. त्या बाईकडं ते ज्ञान सकाळी आठ वाजता शाबूत होतं, सासूनं दिलेलं. दहा वाजेपर्यंत मी ते तिच्याकडून काढून घेतलं होतं.

तिनं कागद काढून माझ्या हातात दिले. मग मान वाकडी करून म्हणाली, "सकाळी तर लई ठसक्यात वाचत हुतीस."

"व्हय," मी म्हणाले.

"मग सासूच खरी हुती म्हन की."

आता बाई बोलल्या. "निम्मी खरी. तळव्यालासुद्धा लावायची नाही. हात तसाच तोंडात जातो."

"मग झाड कशाला दिलंय देवानं?"

"बघायला. फूल चांगलं आहे की. कळा सुरू झाल्या की जीप करायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. आता उलट सांगा बघू मला."

त्या बाईनं पदर सारखा केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुळी पोटात न्हाय, तळव्याला न्हाय, कुटंच न्हाय. कळा आल्या की जीप बगायची आन सरकारी दवाखाना गाटायचा. आन कोन ठसक्यात वाचतंय म्हून इस्वास ठेवायचा न्हाय."

"शेवटचं मी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"त्ये माजं हाय," ती म्हणाली.

परत आलो तेव्हा निम्मं सभागृह रिकामं झालं होतं. दारात मावशी मांडीवर पिवळे कागद घेऊन बसली होती. तिनं जाणाऱ्या प्रत्येक मुलीची पर्स उघडून बघितली होती आणि एका प्राध्यापकांचा खिसाही. प्राचार्यबाईंचं तोंड उतरलं होतं. राहिलेल्या मुलींपुढं बाई उभ्या राहिल्या. कॉलर टाईट झालेला पाहुणा असतो तशा नव्हे. दमलेल्या दिसत होत्या.

"यशोगाथा सांगायची होती," त्या म्हणाल्या. "एक केसपेपर सांगते."

पोटाचं ऑपरेशन करताना रक्त टिपायला जाड कापडाचे तुकडे आत ठेवतात. त्यांना मॉप म्हणतात. पोट शिवण्याआधी ते मोजायचे; जितके आत गेले तितके बाहेर आले पाहिजेत. बाई शिकत होत्या तेव्हाची गोष्ट. त्या टाके घालत होत्या आणि सिस्टर म्हणाली, एक कमी आहे. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, तुझं मोजणं चुकलं असेल, शिवून टाका. बाई नव्या होत्या, त्या युनिटमधली एकटी मुलगी. आधीच सगळे म्हणत होते, हिला जमणार नाही. वाद घातला तर काढून टाकतील. त्यांनी शिवलं. तिसऱ्या महिन्यात ती पेशंट पोटात गाठ घेऊन परत आली. वरिष्ठांनी मॉप काढला आणि केसपेपरवर दुसरंच काही लिहिलं.

"मी वर्षभर गप्प बसले," बाई म्हणाल्या. "चूक सरांची, असं मनाला सांगत होते. पण टाके माझे होते. मग सुट्टीत त्या बाईच्या गावी गेले आणि सांगितलं. तिच्या नवऱ्यानं मला अंगणात उभी करून शिव्या दिल्या. त्या सगळ्या मला लागू होत्या. ती बाई म्हणाली, कुणी सांगायला आलं हेच पहिल्यांदा झालं. मला क्षमा वगैरे काही केली नाही तिनं. पाणी दिलं. बस. एवढंच सांगायचं होतं. विचारा काय विचारायचं ते."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, सर्जन व्हायला किती टक्के लागतात?"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "टक्के पुष्कळांना पडतात," त्या म्हणाल्या. "मोजता आलं पाहिजे. आणि कमी भरलं तर, समोर कुणीही असो, ओरडता आलं पाहिजे."

मी मागच्या रांगेत बसून पत्रकं मोजत होते. गठ्ठ्यातली एकोणचाळीस बाहेर गेली होती. मावशीनं सत्तावीस जमवली होती, दोन गाडीत मिळाली. दहा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. दुरुस्तीचं पत्रक लिहून घेतलं, मावशीकडून उलट सांगून घेतलं, आणि म्हणाल्या, "खाली नाव घाल."

"समितीचं?"

त्यांनी नुसतं पाहिलं.

माझं नाव छापलेला पहिला मजकूर हा असा आहे. वडिलांनी अक्षरांचे खिळे स्वतः जुळवले. एरवी माझ्या प्रत्येक पत्रकाचं कौतुक करणारा माणूस त्या दिवशी काही बोलला नाही, फक्त माझ्या नावाचा टाईप एक घर मोठा घेतला. ते पत्रक मी प्रदर्शनाला आलेल्या शाळांत, भाजी मंडईत, रंकाळा स्टँडवर महिनाभर वाटलं. जुनी चार परत मिळाली. त्यातल्या एकाची होडी झाली होती.

गगनबावड्याच्या त्या बाईची सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. मंडईत भेटली तेव्हा तिनंच सांगितलं आणि वर म्हणाली, "नाव ठेवायला तुला बलावनार न्हाय. काय बाय छापशील." मी तिच्याकडून टाकळ्याची भाजी घेतली आणि घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले.

बाईंनी पुढं काही वर्षांनी हॉस्पिटल बंद केलं आणि गावी राहायला गेल्या. तिथं अंगणात त्यांनी झाडं लावली, त्यांतलं एकही औषधी नाही असं अभिमानानं सांगायच्या. मी वर्षातून एकदा भेटायला जायचे. माझं काहीबाही छापून येऊ लागलं होतं, ते घेऊन जायचे. त्या उद्गारचिन्हं मोजत. मग निघताना दारात विचारत, "किती राहिले?"

"सहा."

"हं," म्हणत. एकदाही 'जाऊ दे आता' म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची सगळ्यात जास्त ऋणी आहे. बाकी सगळ्यांनी म्हटलं होतं.

शेवटच्या भेटीतही आकडा सहाच होता. बाई आता नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. कोल्हापुरात किंवा वर घाटाकडं, कुणाच्या घरात जुन्या वहीत, पंचांगात, देव्हाऱ्याच्या फळीखाली पिवळा कागद सापडला, वर लाल फुलाचं चित्र, खाली कुणाचंच नाव नाही, तर तो वाचू नका, कुणाला वाचूनही दाखवू नका. चुलीत घाला. आणि जमलं तर मला कळवा. म्हणजे मला पाच म्हणता येईल.